डॉ. कॅलिगारी आणि वेड्याची साक्ष

भयपट हा प्रकार आपल्याकडच्या अभ्यासू वाचकाने कधी फारसा मनावर घेतला नाही. सामाजिक चित्रपटांवर आपण लिहितो, मुस्लिम सोशल म्हणून ओळखल्या गेलेल्या चित्रपटांवर लिहितो, जुन्या गाण्यांवर तर पानेच्या पाने लिहितो. पण अंधारे जिने, किंचाळ्या आणि सावल्यांचे चित्रपट म्हणजे पोरासोरांची करमणूक, असे आपण धरून चालतो. वास्तविक एखादा समाज कशाला भितो, हे त्याच्या भयपटांतून कळते. आणि त्याने खरे म्हणजे कशाला भ्यायला हवे होते, हे पुढे इतिहासातून कळते. या दोन उत्तरांत कधी कधी भयंकर अंतर असते.

या लेखात भयपटांच्या एकाच शाखेचा विचार करायचा आहे. जिथे कथा वेड्यांच्या इस्पितळात घडते, भिंती वाकड्या असतात, स्वप्न आणि जाग यांची सरमिसळ झालेली असते, आणि शेवटपर्यंत शहाणा कोण व वेडा कोण याचा पत्ता लागत नाही, अशी ही शाखा. तिची सुरुवात ज्या जर्मन मूकपटापासून मानली जाते, त्या ‘डॉ. कॅलिगारीचे कॅबिनेट’ या चित्रपटाला २०२० साली शंभर वर्षे पूर्ण झाली. या शंभर वर्षांत त्याच्यावर पुष्कळ लिहिले गेले. पण आपण त्याच्याकडे एकच प्रश्न घेऊन जाऊ : वेडा ठरवलेल्या माणसाची साक्ष कोण ऐकतो?

वाडा गेला, इस्पितळ आले

इंग्रजीत ज्याला गॉथिक म्हणतात त्या भयकथेची सुरुवात होरेस वॉलपोलच्या १७६४ सालच्या कादंबरीपासून धरतात. त्या कथांत पडके किल्ले असायचे, मठ असायचे, तळघरात कोंडलेली स्त्री असायची आणि तिला कोंडणारा कोणी सरदार किंवा धर्मगुरू असायचा. एकोणिसाव्या शतकात सरदारांची सत्ता ओसरली आणि माणसाला कोंडून ठेवण्याचा अधिकार नव्या हातांत गेला. तो डॉक्टरच्या हातात गेला, सरकारी कागदाच्या हातात गेला. भयकथाही त्याच्या मागोमाग किल्ल्यातून इस्पितळात आली.

एडगर अ‍ॅलन पो या अमेरिकन लेखकाने १८४५ साली एक कथा प्रसिद्ध केली. फ्रान्समधले एक वेड्यांचे इस्पितळ पाहायला एक प्रवासी जातो. संचालक मोठ्या अगत्याने त्याला जेवू घालतो. जेवता जेवता उलगडा होतो, की रुग्णांनी बंड करून रखवालदारांना कोठडीत डांबले आहे आणि यजमान म्हणून बसलेला संचालक स्वतःच वेडा झालेला आहे. कथा विनोदाच्या अंगाने जाणारी आहे, पण तिने एक साचा घालून दिला. पॅरिसच्या रंगभूमीने ती उचलली, मोरिस तूर्नर याने १९१३ साली तिच्यावर चित्रपट केला आणि चेक दिग्दर्शक यान श्वांकमायर २००५ साली पुन्हा तिच्याकडेच वळला. किल्ली ज्याच्या हातात तो शहाणा, एवढीच शहाणपणाची व्याख्या उरली तर काय होईल, हा पोचा प्रश्न होता.

होल्स्टेनवालची जत्रा

‘कॅलिगारी’ची कथा लिहिणारे दोघे तरुण होते. हान्स यानोविट्झ बोहेमियातला. पहिल्या महायुद्धात अधिकारी म्हणून गेला आणि युद्धाचा कट्टर विरोधक होऊन परतला. कार्ल मायर ऑस्ट्रियातल्या ग्राट्सचा. युद्धाच्या काळात लष्करी मनोविकारतज्ज्ञाकडून त्याची पुन्हा पुन्हा तपासणी झाली आणि त्या माणसाविषयीची चीड त्याच्या मनात कायम राहिली, असे सांगितले जाते.

ही चीड एकट्याची नव्हती. खंदकांत तोफांच्या माऱ्याखाली राहिलेले हजारो सैनिक त्या काळी थरथरत, वाचा गमावून, पाय लुळे पडून परत येत होते. त्यांना बरे करणे याचा अर्थ त्यांना पुन्हा रणांगणावर पाठवण्याजोगे करणे असा होता. त्यासाठी संमोहन वापरले जाई. फ्रिट्झ काउफमान या जर्मन डॉक्टरने १९१६ साली पुढे आणलेल्या पद्धतीत विजेचे जोरदार झटके देत रुग्णाला लष्करी आवाजात हुकूम सोडले जात. व्हिएन्नाचे नामांकित मनोविकारतज्ज्ञ वाग्नर-याउरेग यांच्यावर सैनिकांना असे झटके दिल्याबद्दल १९२० साली चौकशीही बसली आणि खुद्द सिग्मंड फ्रॉइड यांनी तज्ज्ञ म्हणून तिच्यासमोर मत मांडले. चौकशीत वाग्नर-याउरेग निर्दोष ठरले.

आता चित्रपटाची कथा पाहा. फ्रान्सिस नावाचा तरुण एका बागेत बसून शेजारच्या वृद्धाला आपली हकीकत सांगतो आहे. होल्स्टेनवाल नावाच्या गावात जत्रा भरते. डॉ. कॅलिगारी नावाचा म्हातारा तिथे खेळ लावायला परवाना मागतो. उंच स्टुलावर बसलेला कारकून त्याला हिडीसफिडीस करतो आणि दुसऱ्या दिवशी तो कारकून मेलेला सापडतो. कॅलिगारीच्या खेळात एका उभ्या पेटीत चेझारे नावाचा माणूस वर्षानुवर्षे झोपलेला आहे. मालकाच्या हुकुमावर तो डोळे उघडतो आणि भविष्य सांगतो. फ्रान्सिसचा मित्र अ‍ॅलन त्याला विचारतो, माझे आयुष्य किती? पहाटेपर्यंत, असे उत्तर मिळते आणि पहाटेपूर्वी अ‍ॅलनचा खून होतो. फ्रान्सिस माग काढत कॅलिगारीच्या पाठोपाठ जातो तो थेट वेड्यांच्या इस्पितळात पोहोचतो. तिथे त्याला कळते की कॅलिगारी त्या इस्पितळाचा रुग्ण नाही. तो तिथला संचालक आहे.

आपल्याकडे म्हणतात तसे इथे कुंपणच शेत खाते आहे. झोपेत चालणारा चेझारे हाताने खून करतो खरा, पण ती इच्छा त्याची नाही. हुकूम देणारा जागा आहे आणि त्याच्या अंगावर अधिकाराचा कोट आहे. चार वर्षे हुकुमावरून मारणाऱ्या आणि मरणाऱ्या पिढीला याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नव्हती.

दिग्दर्शक रोबेर्ट वीने याने हा चित्रपट बर्लिनजवळच्या वायसेनझे इथल्या लहानशा स्टुडिओत केला. हेरमान वार्म, वाल्टर राइमान आणि वाल्टर र्‍योरिग या तिघांनी कापडावर रंगवलेले नेपथ्य उभे केले. घरे तिरकी, खिडक्या पतंगाच्या आकाराच्या, रस्ते सुरीसारखे टोकदार. सावल्यासुद्धा दिव्याच्या नव्हेत, ब्रशाने काढलेल्या. २६ फेब्रुवारी १९२० रोजी बर्लिनच्या मार्मोरहाउस चित्रगृहात तो पहिल्यांदा दाखवला गेला.

शेवटाचे भांडण

इथपर्यंतची कथा बंडखोर आहे. पण चित्रपट इथे संपत नाही. संचालकाला जखडून कोठडीत टाकल्यावर आपण पुन्हा बागेत येतो आणि लक्षात येते, की ही बाग इस्पितळाचीच आहे. फ्रान्सिस तिथला रुग्ण आहे. चेझारे जिवंत आहे आणि हातात फूल घेऊन उभा आहे. फ्रान्सिसची प्रेयसी जेन स्वतःला राणी समजते. संचालक सौम्य चेहऱ्याचा गृहस्थ आहे. फ्रान्सिस त्याच्यावर धावून जातो, तेव्हा त्यालाच बांधले जाते. शेवटी संचालक शांतपणे सांगतो, की याचा आजार आता माझ्या ध्यानात आला आहे आणि याला बरे कसे करायचे तेही कळले आहे.

म्हणजे ज्याने गुन्हा उघडकीस आणला, त्याचीच साक्ष रद्द झाली. ती खोटी पाडावी लागली नाही, कोणी पुरावा मागितला नाही. साक्षीदार वेडा आहे एवढे म्हणणे पुरेसे झाले.

झीगफ्रीड क्राकाउअर या समीक्षकाने १९४७ साली अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या शेवटावर कडाडून टीका केली. लेखकद्वयाची मूळ कथा सत्तेवर आरोप करणारी होती, निर्मात्यांनी तिला ही चौकट जोडून आरोप करणाऱ्यालाच वेडा ठरवले, आणि कॅलिगारीकडून हिटलरकडे जाणारी वाट इथूनच सुरू झाली, असे त्याचे म्हणणे होते. ही माहिती त्याला यानोविट्झच्या हस्तलिखितातून मिळाली होती. पुढे संचालकाची भूमिका करणाऱ्या वेर्नर क्राउस या नटाजवळची पटकथेची प्रत हाती आली आणि १९९५ साली ती छापली गेली. तेव्हा दिसले की मूळ पटकथेलाही चौकट होती, मात्र ती वेगळी होती. तिच्यात फ्रान्सिस आणि जेन लग्न करून सुखाने नांदत आहेत आणि पाहुण्यांना वीस वर्षांपूर्वीची आठवण सांगत आहेत. म्हणजे क्राकाउअरचे म्हणणे तपशिलात पूर्ण बरोबर नव्हते. पण मूळ कथेतला फ्रान्सिस शहाणा होता आणि पडद्यावर आलेला फ्रान्सिस वेडा ठरला, हा फरक उरतोच.

एक गोष्ट मात्र नीट पाहणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही. फ्रान्सिसच्या कथेतले जग वाकडे दिसते, कारण ते वेड्याच्या नजरेतून दिसते, असा खुलासा शेवटामुळे करता येतो. मग चौकटीतले, म्हणजे खरे म्हणून दाखवलेले इस्पितळ तरी सरळ दिसायला हवे. ते तसे दिसत नाही. तेच अंगण आणि जमिनीवर तेच किरणांसारखे पट्टे शेवटीही आहेत. संचालकाच्या चेहऱ्यावर चित्रपट थांबतो आणि हा चेहरा वैद्याचा की खुन्याचा, हे प्रेक्षकावर सोडून देतो. चौकट कोणी का जोडली असेना, तिच्यातून संशय पाझरत राहिला.

त्याच वर्षीचे एक पुस्तक

‘कॅलिगारी’ बर्लिनमध्ये लागला त्याच १९२० साली लाइपझिगमध्ये एक छोटे पुस्तक प्रसिद्ध झाले. कार्ल बिंडिंग हे कायदेपंडित आणि आल्फ्रेड होखे हे मनोविकारतज्ज्ञ त्याचे लेखक. जे जीवन जगण्यास लायक नाही ते संपवण्याची परवानगी असावी, असा या पुस्तकाचा विषय होता आणि तो त्याच्या नावातच सांगितलेला होता. बरे न होणारे मनोरुग्ण समाजाला किती महाग पडतात, याचा हिशेब त्यात मांडला होता. युद्धाच्या वर्षांत जर्मनीच्या मनोरुग्णालयांत सुमारे ७० हजार रुग्ण उपासमारीने आणि तिच्यातून आलेल्या रोगांनी दगावले होते. त्यांची दखल घ्यायला कोणाला सवड नव्हती.

पडद्यावरच्या इस्पितळाचा संचालक लोकांना भयंकर वाटला, कारण त्याचे केस विस्कटलेले होते, चष्मा विचित्र होता, चाल वाकडी होती. पुस्तकाचे लेखक विद्वान आणि प्रतिष्ठित होते. त्यांची भीती कोणाला वाटली नाही.

१४ जुलै १९३३ रोजी हिटलरच्या सरकारने सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला. त्याखाली सुमारे ४ लाख स्त्री-पुरुषांवर शस्त्रक्रिया झाल्या. लोकांचे मन तयार करण्यासाठी चित्रपट काढले गेले. १९३६ आणि १९३७ साली असे प्रचारपट खऱ्या मनोरुग्णालयांत जाऊन चित्रित केले गेले. रुग्णांच्या चेहऱ्यांवर मुद्दाम भेसूर प्रकाश टाकून ते राक्षसासारखे दिसतील अशी व्यवस्था केली गेली. भयपटाने घडवलेली सावल्यांची भाषा आता सरकारने उचलली होती. फरक एवढाच, की पूर्वी ती डॉक्टरकडे बोट दाखवत होती आणि आता रुग्णाकडे.

१९३९ च्या शरद ऋतूत हिटलरने एका चिठ्ठीवर सही केली आणि तिच्यावर मागची तारीख टाकली, १ सप्टेंबरची, म्हणजे युद्ध सुरू झाल्याच्या दिवसाची. बर्लिनच्या टियरगार्टन रस्त्यावरच्या चार क्रमांकाच्या बंगल्यातून कामकाज चाले, म्हणून या योजनेला टी-फोर म्हणतात. मनोरुग्णालयांकडे छापील फॉर्म गेले. आजार कोणता, किती वर्षे आहे, काम करू शकतो का, अशी माहिती भरायची होती. नेमलेले डॉक्टर रुग्णाला न पाहता फॉर्मवर खूण करत. लाल अधिक म्हणजे मृत्यू, निळे वजा म्हणजे जीवदान. मग करड्या रंगाच्या बस येत. सहा ठिकाणी न्हाणीघरासारख्या दिसणाऱ्या खोल्यांत विषारी वायू सोडला जाई. घरच्यांना खोटे कारण लिहिलेले दुखवट्याचे पत्र जाई. ऑगस्ट १९४१ पर्यंत योजनेच्या स्वतःच्या हिशेबाने ७०,२७३ माणसे मारली गेली. ३ ऑगस्ट १९४१ रोजी म्युन्स्टरचे बिशप फोन गालेन यांनी चर्चमध्ये उघडपणे याचा निषेध केला, आणि महिनाअखेर वायूने मारणे थांबवल्याचे दाखवले गेले. प्रत्यक्षात औषधांच्या मात्रा देऊन आणि उपाशी ठेवून मारणे युद्ध संपेपर्यंत चालू राहिले. एकूण बळी दोन लाखांहून अधिक धरले जातात.

या सगळ्यात वाकडी भिंत कुठे नव्हती. कागद नीट होते, शिक्के जागच्या जागी होते. फॉर्मवर डॉक्टरचे मत होते. रुग्णाच्या म्हणण्यासाठी तिथे रकानाच नव्हता.

एका चित्रकर्तीची साक्ष

या सहा ठिकाणांपैकी एक ड्रेस्डेनजवळच्या पिर्ना गावचा झोनेनश्टाइन किल्ला. खरोखरीचा जुना किल्ला. १८११ साली तिथे मनोरुग्णालय झाले आणि वेड बरे होऊ शकते असे मानून माणुसकीने उपचार करणारी संस्था म्हणून त्याची कीर्ती झाली. त्याच वास्तूत १९४० आणि १९४१ मध्ये सुमारे १३ हजार ७०० रुग्ण वायूने मारले गेले.

त्यांत एल्फ्रीडे लोझे-वेख्टलर होती. १८९९ सालचा तिचा जन्म. ‘कॅलिगारी’चे नेपथ्य ज्या चित्रशैलीतून आले त्या पिढीची ती चित्रकर्ती. १९२९ साली मन ढासळल्यामुळे तिला हॅम्बुर्गच्या फ्रीडरिक्सबेर्ग मनोरुग्णालयात काही आठवडे राहावे लागले. तिथे तिने आजूबाजूच्या रुग्ण स्त्रियांची चित्रे काढली. कोणी उशीला टेकलेली, कोणी स्वतःशी बोलणारी, कोणी नुसती थकलेली. ही चित्रे प्रदर्शनात आली, नावाजली गेली. पुढे आजार आणि गरिबी दोन्ही वाढले. १९३२ साली ती पुन्हा संस्थेत गेली. १९३५ साली तिची सक्तीने नसबंदी झाली. ३१ जुलै १९४० रोजी झोनेनश्टाइनमध्ये तिला मारण्यात आले.

मनोरुग्णालय आतून पाहिलेल्या माणसाने काढलेली ही चित्रे मला भयपटांच्या सबंध परंपरेला दिलेले उत्तर वाटतात. त्यांत एकही चेहरा भीती घालत नाही.

‘कॅलिगारी’शी जोडलेल्या माणसांचे पुढे काय झाले, तेही इथेच सांगायला हवे. दिग्दर्शक वीने देश सोडून गेला आणि १९३८ साली पॅरिसमध्ये वारला. मायर १९४४ साली लंडनमध्ये हलाखीत गेला. संचालक झालेला वेर्नर क्राउस जर्मनीतच राहिला आणि १९४० च्या कुप्रसिद्ध ज्यूद्वेष्ट्या ‘यूद झ्यूस’ या चित्रपटात त्याने अनेक भूमिका केल्या. झोपेत खून करणाऱ्या चेझारेची भूमिका करणारा कोनराड फाइट मात्र ज्यू पत्नीसह १९३३ साली बाहेर पडला. आपल्या वडीलधाऱ्यांनी त्याला १९४० च्या ‘थीफ ऑफ बगदाद’मध्ये कपटी वजीर जाफर म्हणून पाहिले आहे. पडद्यावर हुकूम देणारा राजवटीच्या कामी आला आणि पडद्यावर हुकूम पाळणारा तिला नकार देऊन निघून गेला.

टोकियो, लंडन आणि मालाड

‘कॅलिगारी’नंतर ही शाखा दोन दिशांनी वाढली. जपानमध्ये तेइनोसुके किनुगासा याने १९२६ साली ‘वेडाचे एक पान’ केला. त्याच्या लेखनात, पुढे नोबेल मिळवणाऱ्या यासुनारी कावाबाता यांचा हात होता. पत्नी मनोरुग्णालयात आहे म्हणून एक म्हातारा तिथे झाडूवाल्याची नोकरी धरतो, एवढीच कथा. पडद्यावर एकही लिखित संवाद नाही. चित्रपट हरवला असे समजले जात होते, तो १९७१ साली दिग्दर्शकाच्याच कोठारात सापडला. त्यात वेड भयानक आहे, पण त्याच्याकडे पाहणारा नवरा आहे. त्यामुळे भीतीची जागा दुःखाने घेतली आहे.

अमेरिकेत निर्माता व्हॅल ल्यूटन आणि दिग्दर्शक मार्क रॉब्सन यांनी १९४६ साली ‘बेडलॅम’ काढला. लंडनचे बेथलेम इस्पितळ १२४७ सालचे. अठराव्या शतकात तिथले वेडे पाहायला लोक सहलीसारखे येत आणि दानपेटीत पैसे टाकत. १७७० साली ही खुली वर्दळ बंद झाली. चित्रकार होगार्थच्या १७३५ च्या चित्रात वेड्यांकडे पाहणाऱ्या उंची पोशाखातल्या दोन स्त्रिया दिसतात. त्याच चित्रावरून हा चित्रपट सुचला. त्यात रुग्ण क्रूर अधीक्षकाला पकडून त्याच्यावर रीतसर खटला चालवतात. अशी साक्ष निदान पडद्यावर तरी ऐकली गेली. पण बहुसंख्य भयपट दुसऱ्या, सोप्या वाटेने गेले. रुग्ण म्हणजे सुरी घेऊन पळालेला राक्षस, हे समीकरण त्यांनी घट्ट केले. मार्टिन स्कोर्सेसेच्या २०१० सालच्या ‘शटर आयलंड’मध्येही तपास करणारा अधिकारी शेवटी रुग्णच निघतो. नव्वद वर्षांनीही ‘कॅलिगारी’ची चौकट मोडलेली नव्हती.

या परंपरेचा मुंबईशी खरा संबंध आहे. मालाडच्या बॉम्बे टॉकीजचा छायाचित्रकार योझेफ विर्शिंग जर्मन होता. १९४९ साली कमाल अमरोहींनी ‘महल’ केला, त्यातल्या सावल्या आणि झुंबरे त्याच्या कॅमेऱ्याने टिपली आहेत. आपला गॉथिक चित्रपट मात्र हवेलीतच राहिला. वेड्यांच्या इस्पितळात तो सहसा गेला नाही, कारण आपल्या समाजाचे वेड बहुधा घराच्या मागच्या खोलीत नाहीतर दर्ग्यात, देवळातच राहत होते. अपवाद म्हणून असित सेन यांचा १९६९ चा ‘खामोशी’ आठवतो. तो भयपट नाही. पण वहिदा रेहमानने रंगवलेली परिचारिका रुग्णाला बरे करण्यासाठी डॉक्टरच्या सांगण्यावरून प्रेमाचे नाटक करते आणि शेवटी त्याच वॉर्डात रुग्ण म्हणून दाखल होते. वैद्यकाने माणसाला साधन म्हणून वापरले की काय होते, ते हा चित्रपट एकही किंकाळी न ऐकवता सांगतो.

बिमारिस्तान आणि एरवाडी

आता आपल्या घरचा विचार. इस्लामी संस्कृतीच्या गौरवाचे लेख आपण आवडीने लिहितो आणि त्यात बिमारिस्तानांचा उल्लेख हमखास येतो. तो खोटा नाही. अलेप्पोचे अर्गून बिमारिस्तान १३५४ सालचे. त्यात मनोरुग्णांसाठी अंगणांभोवती खोल्या होत्या आणि मधोमध पाण्याचे हौद होते. एदिर्ने शहरातले सुलतान दुसरा बायझीद याचे दारुश्शिफा १४८८ साली पुरे झाले. तिथे रुग्णांना संगीत ऐकवले जाई, हे सतराव्या शतकात एव्लिया चेलेबी या प्रवाशाने नोंदवले आहे. फिक्हमध्येही ज्याची अक्कल ठिकाणावर नाही त्याच्यावर नमाज-रोजाची सक्ती नाही आणि गुन्ह्याचा भार नाही. मजनून हा शब्द जिन्नांशी जोडलेला असला, तरी कायद्याने त्याला शत्रू मानले नाही. त्याच्यावरचे ओझे उतरवले.

पण ओझे उतरवणे वेगळे आणि आवाज काढून घेणे वेगळे. ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे तामिळनाडूत एरवाडी इथे दर्ग्याच्या परिसरातल्या एका खासगी आश्रयस्थानाला आग लागली. तिथले रुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते. पळता न आल्याने २८ जण मेले. त्यांना तिथे सोडून जाणारे क्रूर नव्हते. थकलेली, गरीब, दवाखान्यापर्यंत न पोहोचलेली कुटुंबे होती ती. त्यांत सगळ्या धर्मांचे लोक होते. घरच्यांना दुआवर भरवसा होता. साखळी ठोकणाऱ्याला वेड्याची भीती होती. साखळीतल्या माणसाला काय वाटते, हे विचारण्याची रीत कोणाकडेच नव्हती. जर्मनीतल्या नियोजित हत्येशी या दुर्घटनेची बरोबरी करणे चूक ठरेल. तिथे मारण्याचा हेतू होता, इथे नव्हता. मात्र रुग्णाच्या म्हणण्यासाठी रकाना दोन्हीकडे नव्हता.

त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याने साखळीने बांधण्यावर सरसकट बंदी घातली आणि आजारपणात आपल्यावर कोणते उपचार व्हावेत, कोणते होऊ नयेत, हे आधीच लिहून ठेवण्याचा हक्क माणसाला दिला. गुजरातेत उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्याच्या परिसरात, जिथे महाराष्ट्रातूनही कितीतरी कुटुंबे जातात, दवा आणि दुआ एकत्र देण्याचा उपक्रम सुरू झाला. मुजावरांनी रुग्णाला डॉक्टरकडे पाठवायचे, डॉक्टरांनी त्याच्या श्रद्धेची टिंगल करायची नाही, अशी ही साधी तडजोड. बिमारिस्तानाचा वारसा सांगायचा असेल तर तो अशा ठिकाणी सांगता येईल.

कायदा कागदावर आहे. तो घरात उतरायचा आहे. आपल्या मोहल्ल्यात आजही एखाद्या मुलीने सासरच्या छळाविषयी तोंड उघडले की तिच्यावर साया आहे असे म्हटले जाते, आणि मालमत्तेच्या भांडणात एखाद्या भावाला सहज वेडा ठरवले जाते. त्यानंतर त्यांचे बोलणे कोणी ऐकत नाही. फ्रान्सिसचे झाले तेच त्यांचे होते. तो खरे सांगत होता की खोटे, याचा निवाडा चित्रपटाने शंभर वर्षांपूर्वी प्रेक्षकांवर सोडला. पडद्यावरच्या फ्रान्सिसला आपण विचारू शकत नाही. मागच्या खोलीत बसलेल्या माणसाला मात्र विचारता येते, आणि तो काय म्हणतो ते ऐकून घ्यायला डॉक्टर असावे लागत नाही.